आपोआप लागणारं कुलूप

चाकाचा शोध लागला आणि माणूस सुधारला, असं शाळेत शिकवतात. माझ्या मते ते साफ चुकीचं आहे. चाकाने माणूस फक्त हलला. तो सुधारला ते ज्या दिवशी त्याने गुहेच्या तोंडाशी एक धोंडा सरकवला आणि आतलं माझं, बाहेरचं तुझं असं ठरवून टाकलं त्या दिवशी. कायदा, कुटुंब, राज्य, शेजार, सगळं त्या एका धोंड्यापासून निघालं. थोडक्यात, संस्कृती म्हणजे कुलूप.

हा सिद्धांत मी सकाळच्या चहाबरोबर पत्नीला ऐकवला. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे आपल्या घरात संस्कृती नाही," ती म्हणाली. "आपलं दार खांद्याने उघडतं."

यात खोटं काही नव्हतं. आमच्या दाराला कुलूप होतं, कुलपाला किल्ली होती आणि किल्ली कुलपात फिरतही असे. तिच्या फिरण्याचा दाराशी मात्र काही संबंध उरला नव्हता. मूठ जराशी वर उचलायची, दाराच्या खालच्या कोपऱ्याला पायाने समजावायचं आणि खांदा लावायचा, की दार उघडे. बंद करताना हेच सगळं उलट क्रमाने. ही युक्ती इमारतीत सगळ्यांना येत होती. नवा भाडेकरू आला की पाणी किती वाजता येतं, कचरा कुठे ठेवायचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचं दार कसं उघडायचं, हे त्याला एका दमात सांगितलं जाई.

असं असूनही आमची दुसरी किल्ली समोरच्या वहिनींकडे असे. आमच्या जिन्यात ही पद्धतच आहे. प्रत्येक घराची एक किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राहते, आणि कुणाकडे किती घरांच्या किल्ल्या आहेत यावरून त्याचं वजन ठरतं. समोरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यांच्या वर, आकड्यांची एक फळी आहे. तिच्यावर अख्खा जिना टांगलेला असतो. आमची किल्ली त्यात पहिल्या आकड्यावर होती. तिचा उपयोग कधीच झाला नव्हता. वहिनींना आमच्याकडे यायचं झालं तर त्या खांदाच लावत. पण मान तो मान.

आता हे सगळं बिघडवायचं कारण काय, तर बायकोच्या बहिणी. बायको धरून त्या तिघी. थोरली ताई समुद्राकाठच्या गावात राहते, धाकटी दुसऱ्या टोकाला. तिघींनी एकत्र आठवडाभर राहायचं, नवऱ्यांशिवाय, असा बेत त्या वर्षानुवर्षं करत होत्या आणि दर वेळी तो आमच्या दारापाशी येऊन मोडत होता. मला घरात एकटं ठेवून जायला पत्नी तयार नव्हती. मी उपाशी राहीन अशी भीती तिला नव्हती. मी घर उघडं टाकीन अशी होती.

याला एक प्रसंग कारणीभूत आहे. तो मी माझ्या बाजूने सांगतो. एकदा ती दिवसभर बाहेर गेली होती आणि मी दुपारी जेवून आरामखुर्चीत वाचत, म्हणजे डोळे मिटून, पडलो होतो. दार मी लावलं होतं. नीट लागलं नसेल. ती परत आली तेव्हा मी तसाच वाचत होतो आणि समोरची सतरंजी झगझगीत स्वच्छ झाली होती. धूळ ओढायचं यंत्र विकणारा एक विक्रेता आत आला होता, त्याने पूर्ण प्रात्यक्षिक दाखवलं होतं आणि माझ्या पोटावर आपलं कार्ड ठेवून तो निघून गेला होता.

"चोर असता तर?" तिने विचारलं.

चोराने सतरंजी साफ केली नसती, असं मी म्हणालो. हे उत्तर तर्काला धरून होतं. संसारात तर्काला धरून दिलेली उत्तरं साठवून ठेवतात आणि योग्य वेळी परत देतात.

ती योग्य वेळ आता आली होती. ताईचे गुडघे दुखू लागले होते, धाकटीला नोकरीतून कशीबशी रजा मिळाली होती, आणि पत्नीने बसचं तिकीट काढून ते आरशाच्या चौकटीत खोचलं होतं. मी दाढी करायला उभा राहिलो की ते तिकीट मला दिसे. तिची अट एकच होती: दाराला असं कुलूप हवं जे माझ्यावर अवलंबून नाही. मी विसरलो तरी ते विसरणार नाही. नाही जमलं तर ती तिकीट रद्द करणार होती, आणि त्याबद्दल मला एक शब्दही बोलणार नव्हती. ही शेवटची धमकी फार गंभीर होती.

म्हणून मी कुलपाच्या दुकानात गेलो. तिथे भिंतभर कुलुपं होती. टांगायची, दाराच्या पोटात बसणारी, आकडे दाबून उघडणारी, बोट लावून उघडणारी. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसला होता. मला वाटलं होतं, तो दाराबद्दल विचारेल. त्याने विचारलं, "आत काय आहे?"

म्हटलं, म्हणजे काय?

"जे राखायचं ते काय आहे, त्यावर कुलूप ठरतं," तो म्हणाला आणि एक भलंमोठं, पितळी दांड्याचं कुलूप काउंटरवर ठेवून ऐकू लागला.

मी सांगू लागलो. टीव्ही आहे. किती जुना? बराच. शिलाई मशीन. पायाचं. एक कपाट पुस्तकं. निवृत्तीच्या वेळी कचेरीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ, बंद. पत्नीचे दागिने बँकेत असतात. मी बोलत होतो आणि प्रत्येक वस्तूगणिक दुकानदार ते मोठं कुलूप काउंटरवरून हळूहळू मागे ओढत होता. घड्याळापाशी त्याने ते उचलून खणात ठेवलं आणि मुलांच्या सायकलीला लावतात तसलं काहीतरी पुढे सरकवलं.

आयुष्यभराच्या संसाराची किंमत इतक्या सौम्यपणे मला कुणी सांगितली नव्हती. मी ताठ उभा राहिलो आणि मघाचंच दाखवा म्हणालो. तो म्हणाला, साहेब, गरज नाही. मी म्हणालो, गरज मी ठरवीन. मग आपोआप लागणारं, त्याच्याकडचं सगळ्यात वजनदार लॅच मी घेतलं. दार ओढलं की खटका बसतो आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. आतून एक छोटं बटण असतं, ते सरकवून ठेवलं की खटका लागत नाही, हेही त्याने सांगितलं. मी मान हलवली. मान हलवताना माणूस ऐकत असतोच असं नाही.

कुलूप घेऊन जिना चढत होतो तर वरच्या मजल्यावरचे इन्स्पेक्टर भेटले. हे पोलिसांतले नव्हेत. ते विम्याचे इन्स्पेक्टर होते, पण चोरीचे दावे तपासता तपासता चोरांबद्दल त्यांना आतून जिव्हाळा वाटू लागला होता. त्यांनी खोकं उघडून लॅच हातात घेतलं, कानाशी नेऊन हलवलं आणि हसले. असली कुलुपं, त्यांचं म्हणणं, एका प्लास्टिकच्या कार्डाने उघडतात. फटीतून कार्ड घालायचं, तिरकं करायचं, झालं. टांगायचं कुलूप तर त्याहून वाईट, कारण ते लोंबताना दिसलं की घरात कुणी नाही अशी पाटीच लागते. मग उत्तम काय, विचारलं तर म्हणाले, उत्तम म्हणजे कुत्रा. पण तुमच्या घरात तो झोपून जाईल.

यंत्रवाल्याची गोष्ट जिन्यात सगळ्यांना माहीत होती, हे मला तेव्हा कळलं.

सोसायटीचे सेक्रेटरी खालीच राहतात. त्यांना परवानगी विचारावी असं मला वाटलं नव्हतं, त्यांना वाटलं होतं. ते शांत, नेमस्त गृहस्थ आहेत आणि नियमावर इतकं प्रेम करतात की तो माणसांना लावताना त्यांचा जीव होत नाही, तरी लावतात. त्यांनी मला बसवून घेतलं आणि समजावलं. दाराची आतली बाजू माझी. बाहेरची बाजू सोसायटीची, कारण ती जिन्यात दिसते. बाहेरून भोक पडणार असेल तर तो सोसायटीच्या मालमत्तेतला बदल झाला.

मी विचारलं, आणि मधली जाडी?

हा प्रश्न सेक्रेटरींच्या कारकिर्दीत कुणी काढला नव्हता. माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदाच आदराने पाहिलं, आणि मला कळलं की मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. जाडीसाठी समितीची बैठक बोलवावी लागली. बैठकीला पाचजण आले, त्यातले दोघे पंखा चांगला आहे म्हणून. अर्धी जाडी इकडे आणि अर्धी तिकडे, असा एक मतप्रवाह होता. कुलपाचा जीव नेमका मध्यावर असतो, तेव्हा तो कुणाचा, यावर चर्चा अडली. शेवटी असं ठरलं की भोक आतून बाहेर पाडावं, बाहेरून आत पाडू नये. म्हणजे सोसायटीच्या बाजूला भोक पाडलं जाणार नाही, ते तिथे येऊन पोचेल.

तोवर आरशातल्या तिकिटाची तारीख अगदी तोंडावर आली होती. पत्नीने बॅग काढून पलंगाखाली ठेवली होती, पण भरली नव्हती. बॅग रिकामी आहे हे मला दिसावं अशा बेताने ती उघडी होती.

मग सुतार आला. दारासमोर उभा राहून त्याने आधी कुलूप पाहिलं, मग दार पाहिलं, आणि पुन्हा कुलूप पाहिलं. मुलगी दाखवायला आणल्यावर मुलाकडचे पाहतात तसं.

"कुलूप चांगलंय," तो म्हणाला. "दार त्याच्या लायकीचं नाही."

अपमान आता वस्तूंवरून वास्तूपर्यंत पोचला होता. दार फुगलंय, बिजागऱ्या लोंबल्यात, चौकट तिरकी आहे, आणि उंबरठा कुठल्या बाजूला जातोय हे त्याला बघवत नाही, असं त्याने सांगितलं. मी फक्त कुलूप बसवायला बोलावलं होतं याची आठवण दिली. तो म्हणाला, असल्या दाराला हे कुलूप लावलं तर चोर दार काढून नेईल, कुलपासकट. दार उतरवलं गेलं. दोन दिवस आमच्या घराला दारच नव्हतं. सुरक्षेच्या प्रश्नावर इतकं काम चालू असताना घर इतकं उघडं कधीच नव्हतं. पत्नी उंबरठ्यात खुर्ची टाकून बसे आणि येणारेजाणारे सगळे थांबून सल्ला देत. वहिनींनी तर तिला तिथेच बसून शेंगा सोलायला मदत केली.

सुतार रंधा मारायला बसला की थांबत नसे. त्याने दार इतकं तासलं, बिजागऱ्यांना इतकं तेल घातलं, की बसवल्यावर ते बोटाने ढकललं तरी सरकत जाई आणि अलगद, नुसता 'टक' आवाज करून लागे. पत्नी ते पुन्हा पुन्हा उघडून लावत होती. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिने काहीही लावलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने बॅग भरली.

आता राहिला किल्ल्यांचा प्रश्न. कुलपाबरोबर तीन मिळाल्या होत्या. एक पत्नीने पर्समध्ये टाकली. दुसरी दाराच्या आतल्या बाजूला, खिळ्यावर. तिसरी कुणाकडे?

समोरच्या वहिनींनी विचारलं नाही. त्यांनी नुसता पहिला आकडा रिकामा करून पुसून ठेवला, आणि साखर मागायला आल्यावर मला तो दिसेल अशी व्यवस्था केली. हो, साखर मागायला मीच गेलो होतो. तिकडे इन्स्पेक्टर म्हणाले, किल्ली समोरच्या घरात ठेवणं हे तज्ज्ञांच्या मते अत्यंत धोक्याचं. ती वरच्या मजल्यावर असावी. सेक्रेटरींनी, बाहेरच्या बाजूच्या वतीने, एक किल्ली सोसायटीकडे असावी का यावर मोघम काहीतरी म्हटलं. वहिनींना दिली तर इन्स्पेक्टर दुखावणार, इन्स्पेक्टरांना दिली तर वहिनी बोलायच्या बंद होणार. मी माझ्या कचेरीतल्या सगळ्या अनुभवाला स्मरून असा निर्णय घेतला की कुणालाच वाईट वाटू नये. तिसरी किल्ली मी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. परिणामी सगळ्यांनाच वाईट वाटलं, पण सारखं.

"भाऊजींचा आमच्यावर विश्वास नाही," वहिनी पत्नीला म्हणाल्या, मी समोर असताना, मी नसल्यासारखं.

निघायचा दिवस उजाडला. पत्नीने मला सूचना दिल्या. फ्रिजमध्ये काय आहे, कुंड्यांना पाणी कधी, फोन सतत खिशात ठेवायचा. मग तिने दार एकदा उघडून, एकदा लावून पाहिलं आणि ती खरोखर निघाली. तोवर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता. मी बॅग उचलून तिच्यामागे खाली गेलो. रिक्षा मिळाली. ती बसली, पदर सावरला, आणि मला म्हणाली, "जा वर. दार उघडं टाकून आलात ना?"

मी हो म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

वर आलो तर दार बंद. वाऱ्याची एवढीशी झुळूक आली असेल, नसेलही. सुताराने जे केलं होतं त्यानंतर दाराला वाऱ्याची गरज नव्हती. मी जुन्या सवयीने मूठ वर उचलली, कोपऱ्याला पाय लावला आणि खांदा दिला. खांदा दुखला. दाराने माझी दखल घेतली नाही. इतकं चांगलं कुलूप मी निवडलं होतं की त्याला मालक आणि चोर यांत फरक करायची गरज वाटत नव्हती.

एक किल्ली आत खिळ्यावर, एक आत कपाटात, एक रिक्षातून बस स्थानकाकडे.

खांद्याचा आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि मग घरात वळून, त्या रिकाम्या आकड्याकडे. काही बोलल्या नाहीत. आतून एक स्टूल आणून दिलं, एवढंच. त्या न बोलण्याला मी आजवर वाचलेल्या कुठल्याही टीकेपेक्षा जास्त धार होती.

इन्स्पेक्टर खाली उतरले. त्यांची वेळ आली होती. त्यांनी पाकिटातून वाचनालयाचं कार्ड काढलं, सगळ्यांना दाखवलं, फटीत घातलं, तिरकं केलं, अजून तिरकं केलं, आणि ते त्यांच्या बोटांतून सुटून आत पडलं. फरशीवर पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग ते वरच्या गॅलरीतून आमच्या गॅलरीत उतरण्याबद्दल बोलू लागले. उतरायचं मी होतं. गलका ऐकून सेक्रेटरीही आले आणि दाराला बाहेरून काही करायचं असल्यास ते जरा बघून करा, म्हणाले. सुताराला फोन केला तर तो हातातलं काम टाकून यायला तयार नव्हता. दुपारनंतर येतो म्हणाला, आणि बाहेरून उघडत नाही हे ऐकून त्याला फार बरं वाटलं.

"वहिनींना फोन करा की," इन्स्पेक्टर मला म्हणाले. माझ्या पत्नीला ते वहिनी म्हणतात. "अजून स्थानकावरच असतील. पाच मिनिटांत किल्ली घेऊन येतील."

येईल. हाच तर प्रश्न होता. ती बॅगेसकट येईल, किल्ली फिरवेल, दार उघडेल, आणि मग पुन्हा जाणार नाही. बस जाईल, धाकटीची रजा जाईल, आणि तिकडे ताई गुडघे चोळत दोघींच्या गाद्या पुन्हा गुंडाळून ठेवेल. आणि ती मला एक शब्दही बोलणार नाही. मी स्टुलावर बसलो आणि नको म्हणालो. दुपारपर्यंत बसतो. वाचायला काही असेल तर द्या.

इन्स्पेक्टर काही म्हणणार होते. वहिनींनी त्यांना नजरेने गप्प केलं.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. तीच होती. मागे गाड्यांचे भोंगे आणि कंडक्टरचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"बसमध्ये बसलेय," ती म्हणाली. "पण जीव लागत नाहीये. काय करताय?"

"बसलोय."

"घरीच ना?"

"जाणार कुठे?" मी म्हणालो. सगळा जिना श्वास रोखून उभा होता. सेक्रेटरींनी वर येणाऱ्या दूधवाल्याला हाताने थांबवलं होतं.

"दार लावलंत?"

"लावलंय."

"आणि ते कुलूप? नीट चालतंय?"

"उत्कृष्ट," मी म्हणालो. "कुणाच्या बापालाही उघडणार नाही." इतकी खरी उत्तरं मी लग्नापासून तिला सलग कधी दिली नव्हती.

"उतरू का मी?" ती हळूच म्हणाली. "अजून सुटली नाहीये. तुम्ही एकटे... उगाच वाटतंय."

तेवढ्यात वहिनी आत गेल्या, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून, उघड्या दारातून, कुकरची एक खणखणीत शिट्टी आली. त्यांनी ती बहुतेक चमच्याने उचकवली असावी.

"कुकर?" पत्नी म्हणाली. "तुम्ही कुकर लावलात?"

मी खाकरलो. खाकरण्याला खोटं म्हणता येत नाही.

ती हसली. मोकळं हसली. बसचं इंजिन सुरू झाल्याचं मला ऐकू आलं, मग ती शेजारच्या कुणाला तरी, पाय जरा आत घ्या, म्हणाली. तिने पाय पसरले असावेत. वहिनी दारात येऊन पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. इन्स्पेक्टरांनी त्यांच्याकडे प्रथमच व्यावसायिक आदराने पाहिलं. दार उघडलं की तिसरी किल्ली कुठल्या आकड्यावर जाणार हे त्या वेळी जिन्यात सगळ्यांना कळलं, इन्स्पेक्टरांनासुद्धा.

"सुटली हं बस," पत्नी म्हणाली. "ठेवते मी. फक्त दार तेवढं नीट लागलंय ना, बघा."

"लागलंय."

"असं बसल्या जागेवरून नका सांगू. उठा, आणि एकदा ओढून बघा."